दाबून धर

१

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, आवाज येतोय." मी विचारते, कसला? मग प्रत्येकाची आपापली भाषा सुरू होते. कोणी तोंडाने खर्र खर्र करून दाखवतं, कोणी म्हणतं मिक्सर लागल्यासारखा. एकाने मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला होता, त्यात गाडीपेक्षा त्याच्या सासूचाच आवाज जास्त होता. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि मनातल्या मनात तीन ढीग करते. क्लच दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेरिंग. गाडी न्यूट्रलला, क्लच सोडलेला आणि घरघर येतेय, दाबला की थांबतेय, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेरिंग. आणि मॉडिफाय केलेली गाडी असून नुसतीच खडखड असेल तर काही झालेलं नसतं. फ्लायव्हील हलकं केलं की ते खडखडतंच, मालकाने तेवढं सोसावं.

काळाचौकीत आमच्या चाळीच्या तळमजल्याला माझा गाळा आहे. दोन गाड्या मावतात, तिसरी गल्लीत लावली की शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या. गॅरेज काढलं ते मी आणि माझ्या धाकट्या भावाने, सम्यकने. गाडीच्या खालचं सगळं माझं. वरचं, म्हणजे इंजिन, टर्बो, लॅपटॉप जोडून ट्यूनिंग, ते त्याचं. गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला आणि तो गेला. आता गॅरेज मी एकटी चालवते आणि कोणी विचारलं तर बरं चाललंय म्हणून सांगते.

त्या गुरुवारी दुपारी हितेंद्र आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हाच मी ओळखली, कारण ती सम्यकचीच होती. दिसायला साधी पांढरी हॅचबॅक, पण आतला एकही भाग त्याने कंपनीचा ठेवला नव्हता. मोठा टर्बो, हलकं फ्लायव्हील आणि रेसिंगची क्लचप्लेट, जिचं पेडल इतकं कडक की चार वेळा दाबलं तर माझी पोटरी भरून यायची. तो गेल्यावर ती दारात उभी बघवेना, म्हणून माटुंग्याच्या हितेंद्रला दिली. त्याला असल्या गाड्यांचं वेड आणि सम्यकचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा.

"मायाताई, घरघर येतेय," तो म्हणाला. "सिग्नलला उभा राहिलो की."

"क्लच दाबला की?"

"बंद."

"मग झालं. बेरिंग गेलंय. ठेवून जा."

तो गेला नाही. चावी बोटात फिरवत उभा राहिला.

"अजून एक आहे. कधी कधी न दाबताच बंद होते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माझा पाय बाजूला असतो आणि घरघर थांबते. परवा लालबागच्या पुलावर चढत होतो. रेस दिली, इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी खेचतच नाही. मोकळी सुटली, ताई. मागे बेस्टची बस. बाजूला अक्षदा, मांडीवर बाळ." अक्षदा त्याची बायको. "खाली बघतो तर क्लचचं पेडल पूर्ण आत. पाय घालून वर ओढलं, येईचना."

"मॅट अडकली असेल."

"मॅट मी केव्हाच काढून टाकली. रविवारी चिपळूणला जायचंय, सासरी. घाटात असं झालं तर?"

मी त्याला म्हटलं, घाबरून जाऊ नकोस, शनिवारी संध्याकाळी गाडी नेऊन जा. माझ्या हातून गेलेल्या गाडीने कोणाला दगा दिलेला नाही आणि ही तर घरची गाडी होती.

२

चालू इंजिनखाली झोपून ओरडण्यात काही अर्थ नसतो, वरच्याला ऐकू जात नाही. म्हणून आमच्या घरात ठोक्यांची भाषा आहे. ती बाबांनी गिरणीतून आणली. बाबा, रामजी, साचाखात्यात होते. शेकडो माग एकदम धडधडायचे तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची आणि लोखंडावर ठोकून इशारे द्यायची. एक ठोका म्हणजे दाबून धर. दोन लागोपाठ म्हणजे सोड. त्यालाही नियम होता. ज्याने दाबायला सांगितलं, सोडायला त्यानेच सांगायचं, कारण हात त्याचा यंत्रात असतो. दुसऱ्या कोणी ठोकलं, अगदी मुकादमाने येऊन ठोकलं, तरी धरणाऱ्याने सोडायचं नाही. साचाखात्याने बाबांचे कान नेले, पण त्यांच्या जोडीदाराचं बोटसुद्धा कधी गेलं नाही. सम्यकला आणि मला हे त्यांनी पाढ्यांच्या आधी शिकवलं असेल.

मी हितेंद्रला सीटवर बसवलं, ठोके समजावून सांगितले, गाडी स्टँडवर घेतली आणि पुठ्ठा टाकून खाली सरकले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरची नळी असते तशीच ही. घरघर स्वच्छ ऐकू येत होती. एक ठोका दिला, थांबली. दोन दिले, सुरू झाली. पुस्तकात लिहिलेलं असतं अगदी तसं. मी तीच गोष्ट पुन्हा करून पाहिली आणि मनातल्या मनात बेरिंगचा नंबर आठवू लागले.

मग घरघर थांबली. मी ठोका दिला नव्हता.

क्लचचा दांडा गिअरबॉक्सच्या बाहेर थोडा डोकावतो. मी त्यावर बोट ठेवलं. तो पूर्ण दाबलेला होता. वाटलं, हितेंद्रचा गोंधळ झाला असेल. दोन ठोके दिले. काही नाही. पुन्हा दिले, जरा जोरात. दांडा तसाच. बोटाखाली तो किंचित थरथरत होता, पण इंजिन चालू असताना सगळंच थरथरतं. मी वैतागून बाहेर सरकले आणि कपडे झटकत म्हटलं, "अरे, सोड सांगितलं ना."

सीट रिकामी होती. दार उघडं होतं. हितेंद्र गल्लीच्या टोकाला, टपरीपाशी, कानाला फोन लावून उभा होता.

मी आत वाकले. क्लचचं पेडल तळाला टेकलेलं होतं. हाताने ओढून पाहिलं. अडकलेली वस्तू ओढताना एक कोरडा हिसका लागतो, तसं हे नव्हतं. हे जड होतं आणि माझ्या ओढीला ओढ देत होतं. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने पेडल आपलं वर आलं.

"कधी उतरलास तू?" हितेंद्र आल्यावर मी विचारलं.

"अक्षदाचा फोन आला म्हणून उतरलो. सॉरी, ताई. दोन वेळा दाबून सोडला, मग उतरलोच."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तुम्ही ठोकलंच नाही."

बरोबर होतं ते. तो घाईत होता, मी त्याला रिक्षा पकडून जा म्हटलं आणि मग माझंच मला हसू आलं, कारण मुंबईच्या या भागात रिक्षांना बंदी, इथे रिक्षा कुठली मिळायला.

३

बाबा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसतात. त्यांना काही ऐकू येत नाही, पण गल्लीतलं त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा ते वंदनेला बसायच्या तयारीत होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली सम्यकचा फोटो. तो फोटो मी लावला. बाबा त्याकडे बघत नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी त्याचं नावही घेतलेलं नाही आणि मीही काढत नाही. एकाच खोलीत राहून आम्ही दोघं ही कसरत करतो.

"गाडी आलीय," बाबा म्हणाले.

त्यांच्याशी खोटं बोलायचं तर तोंड फिरवावं लागतं. मी स्टोव्हकडे वळून म्हटलं, "हो."

"इकडे बघून सांग."

"बेरिंग गेलंय. शनिवारी देऊन टाकायची."

"खाली चल."

जिन्याच्या कठड्याला धरत ते खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने आरशावरची धूळ पुसली. मग दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले. "चालू कर."

मी बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून चावी फिरवली. घरघर सुरू झाली. बाबांनी डोळे मिटले. गिरणीतही ते असेच करत. कोणत्या मागाचं काय दुखतंय हे त्यांना हाताला कळायचं. आणि मग, माझे दोन्ही पाय गाळ्याच्या फरशीवर असताना, घरघर थांबली.

बाबांनी डोळे उघडले.

"कोणी दाबला?"

"पाइपमध्ये हवा असेल. पेडल बसतं कधी कधी."

"माये, मी पाइपचं विचारत नाही. धरलाय कोणी?"

बाबा बॉनेटवर हात फिरवत राहिले. अंथरुणावरची चादर सारखी करावी तसा हलका हात. मग म्हणाले, "इतक्यात खोलू नको."

"बाबा, त्याला रविवारी घाटात जायचंय. लहान बाळ आहे."

पण तोवर त्यांनी मान वळवली होती. ओठ वाचणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. त्याने नजर काढून घेतली की विषय संपला.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्या घरात तो कुणाचाच नाही. चाळीत एका बाईच्या अंगात यायचं तेव्हा याच बाबांनी तिला हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवलं होतं आणि तिच्या नवऱ्याला चार गोष्टी सुनावल्या होत्या. डेंग्यूने माणूस जातो आणि बेरिंगने घरघर होते, इतकं साधं आहे ते. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी पेडल आपोआप बसण्याची सगळी कारणं मनात मांडली. मास्टर सिलिंडर, पाइप, स्प्रिंग, गरम झालेलं ऑइल. कारणं पुष्कळ होती आणि ती मांडता मांडता झोपही लागली.

४

शुक्रवारी सकाळभर मी ती कारणं एकेक करून खोडली. ऑइल स्वच्छ होतं. पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा निघाला नाही. मास्टर सिलिंडर सम्यकने बसवलेला, नव्यासारखा. स्प्रिंग जागेवर. पेडलला कुठेही अडकायला जागा नव्हती. मी उगाच चिडत होते. दोष सापडला नाही की मला राग येतो, आणि त्या दिवशी तो सापडू नये असंही आत कुठेतरी वाटत होतं.

दुपारी गल्ली निजते. उन्हामुळे शटर अर्धं ओढून घेतलं होतं. वर कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, मग मंडळाच्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत राहिला. मी गाडी न्यूट्रलला ठेवली, हँडब्रेक ओढला, काचा वर घेतल्या, इंजिन चालू करून बाहेर आले आणि गाळ्यातच राहून गेलेल्या दुसऱ्या चावीने दारं लॉक केली. दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. मग खाली सरकले.

सम्यकने मीटरच्या वायरी नेण्यासाठी पेडलांजवळच्या पत्र्याला एक मोठं भोक पाडलं होतं आणि त्याला रबरी बूच बसवलं होतं. ते काढलं की खालून क्लचचं पेडल दिसतं. मी बूच काढलं आणि बॅटरीचा झोत आत धरला. पेडल वर होतं. घरघर चालू होती. मी पडून राहिले. पुठ्ठ्याला जुन्या ऑइलचा वास येत होता. पेडल खरंच आपोआप बसतं का, एवढंच मला बघायचं होतं.

घरघर थांबली.

भोकातून पाऊल दिसलं. अनवाणी. पेडलवर रोवलेला चवडा, दाबामुळे पांढरा पडलेला तळवा आणि टाचेचा थोडा भाग. तळव्याखालून एक चिकटपट्टी गुंडाळून वर गेली होती, सलाईनची सुई हलू नये म्हणून पायाला लावतात तसली. तिचं एक टोक सुटलं होतं. घोट्याच्या वर काय आहे ते त्या भोकातून दिसत नव्हतं आणि मी मान वळवून पाहिलंही नाही.

मला भीती वाटली. ती कशी वाटते ते सांगत बसत नाही, सगळ्यांना वाटते तशीच. पण मी सरकून बाहेर पळाले नाही, कारण ते पाऊल थरथरत होतं. आधी थोडं, मग टाचेपासून वरपर्यंत. कडक क्लच बराच वेळ धरून ठेवला की पाय असाच लटपटायला लागतो, माझाही लागतो. चवडा घसरायचा, पुन्हा रोवला जायचा. बोटं आवळली जायची. घसरला की तेवढ्यापुरती घरघर सुरू व्हायची आणि त्याबरोबर तो पुन्हा सगळा जोर लावायचा.

मी पाना उचलला आणि दोन ठोके दिले.

पाऊल हललं नाही. मी पुन्हा दोन दिले. "सम्या, सोड," म्हटलं. "सोड रे, पुरे झालं." हात कुठे यंत्रात नव्हता, कोणाचं बोट जाणार नव्हतं, मी किती वेळा ठोकलं कोणास ठाऊक. तो धरून होता. एवढा दमलेला माणूस मी बघितलेला नाही. मी तिथेच पडून रडले आणि ते रडू भीतीचं नव्हतं.

मग लक्षात आलं. तो माझं ऐकणारच नव्हता. दाबायला मी सांगितलंच नव्हतं.

५

बाबा गॅलरीतच होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, ओठ नीट दिसतील अशी.

"बाबा, दवाखान्यात तुम्ही त्याला काही सांगितलंत?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मान वळवतील. नाही वळवली.

"तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क," बाबा म्हणाले. "डॉक्टरांच्या, नर्सच्या, तुझ्या. कोण काय बोलतंय मला काही कळत नव्हतं. नुसते डोळे दिसायचे सगळ्यांचे. सम्यकच्या तोंडावरही ती ऑक्सिजनची वाटी. मी विचारलं तर सगळे हात हलवायचे. हात हलवण्यावरून काय समजायचं माणसाने?"

"मग?"

"आत एकालाच सोडायचे. मी पायाशी बसायचो. पांघरुणातून पाय बाहेर आलेला असायचा त्याचा." बाबांनी बोटाचं पेर वाकवून जमिनीवर हलकेच टेकवलं. एकदा. "तळव्याला. रोज गेलो की द्यायचो. निघताना द्यायचो. त्याला कळायचं. अंगठा दाबायचा तो माझ्या हातावर."

"एक ठोका."

"एक. दाबून धर, म्हटलं. बाप आहे इथे, सोडू नको."

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू केली आणि गेलं. बाबांना ते ऐकू आलं नाही.

"आणि दोन?" मी विचारलं.

"दोन कसे देणार होतो मी, माये?"

त्यांचा आवाज वर गेला नाही. बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमी जरा मोठा असतो, हा तसाही नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बाबाच म्हणाले, "गाडी आपण ठेवू. हितेंद्र चांगला मुलगा आहे, त्याला सांगू की काम मोठं निघालं. नाही देता येत. राहील ती खाली. मी दुपारी बसत जाईन तिच्याजवळ."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात जिन्यावर तेच आलं होतं. गाळ्यात एक गाडी कमी मावली असती, एवढंच. सकाळी शटर उघडलं की तो असता. हितेंद्रला दुसरी गाडी बघून देता आली असती, अक्षदा आणि बाळ सुखरूप राहिले असते आणि आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगायची गरज पडली नसती.

"बाबा," मी म्हटलं, "त्याचा पाय लटपटतोय."

त्यांनी ओठ वाचले. वाचूनही त्यांना पुन्हा बघायचे होते, म्हणून मी पुन्हा सांगितलं, सावकाश. "मी बघितला. खूप दमलाय तो. चवडा घसरतो आणि पुन्हा धरतो. मी दोन ठोके दिले, बाबा. खूप वेळा दिले. माझ्या सांगण्याने सोडत नाही."

बाबांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग उठले आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

६

बाबांना गाडीखाली घालणं सोपं नव्हतं. गुडघे वाकत नाहीत. मी दुसरा पुठ्ठा आणला, मानेखाली कापड दिलं आणि खांद्याला धरून हळूहळू सरकवलं. त्यांनी वर बघितलं नाही. पत्र्याचं भोक त्यांच्या डोक्याशीच होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. तळवा गिअरबॉक्सवर ठेवला आणि पडून राहिले. इंजिन चालू होतं. घरघर नव्हती.

मी चाकाजवळ फरशीवर बसले होते. तिथून मला बाबांचा हात आणि क्लचचा दांडा दिसत होता. मी पाना पुढे केला तर त्यांनी नको म्हणून बोटं हलवली. मूठ वळली, पेर वाकवलं.

एक ठोका दिला. आणि थांबले.

बोलून उपयोग नव्हता, खालून त्यांना माझे ओठ दिसत नव्हते. एक ठोका म्हणजे पुन्हा तेच सांगणं झालं. दांडा थरथरत होता तो जरा स्थिर झाला. वरचा माणूस उरलंसुरलं सगळं पणाला लावून धरतो तसा. बाबांच्या बोटांखाली ते आलं असणार. त्यांची मूठ लोखंडाजवळ तशीच राहिली, ना मागे ना पुढे, आणि त्यांचं पोट श्वासाने वरखाली होत होतं. मी मनात म्हणत होते, द्या. आणि त्याच दमात म्हणत होते, नका देऊ.

बाबांनी दोन ठोके दिले. लागोपाठ. हलकेच, तळव्याला द्यावेत तसे.

दांडा सरकायला लागला. एकदम नाही. अर्ध्यावर येऊन थांबला, सम्यक क्लच सोडायचा तसा. कडक प्लेटला हिसका बसू नये म्हणून तो नेहमी अर्ध्यावर थांबून मग सोडायचा. मी भोकाकडे पाहिलं नाही. वर सीटवर काही वाजलं नाही, दार उघडलं नाही, काचा वरच होत्या. मग दांडा पूर्ण सुटला आणि घरघर सुरू झाली.

ती चालूच राहिली. गाळ्यात, शटरखालून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात, दुसरं काही नव्हतं.

बाबांचा तळवा गिअरबॉक्सवरच होता. मी पोटावर झोपून त्यांच्या बाजूला सरकले आणि बॅटरीचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला.

"सोडला का त्याने?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"हे काय लागतंय हाताला?"

"घरघर."

ते त्या शब्दाकडे बघत राहिले. माझ्या ओठांवरून त्यांची नजर हलेना.

"त्या दिवशी पहाटे," ते म्हणाले, "आपल्याला दोघांनाही आत सोडलं होतं. नर्स धावत आली. तू तोंडावर हात दाबून भिंतीशी गेलीस. मी पायाशीच होतो. मला वाटलं, झोपलाय. तेव्हा हीच लागली होती का त्याला?"

"हो."

"अशीच होती?"

"अशीच होती, बाबा. तुम्हाला कळवायला कोणाला जमलं नाही."

बाबांनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी इंजिन बंद करायला उठायला लागले, तसं त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि गिअरबॉक्सवर तळवा आणखी घट्ट दाबला.

"थांब," ते म्हणाले. "ऐकू दे मला."